कोच म्हणजे टाळ्या वाजवणारा माणूस? मग हेही वाचा

सध्या गोव्यातल्या फुटबॉलच्या ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: कोच म्हणजे कडेला उभं राहून टाळ्या वाजवणारा माणूस. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी गोवाचे गोल स्ट्रायकर कोरोने मारले, कोच लोबेराने नव्हे. लोबेराला काढलं तरी संघ जिंकतच राहिला. गोव्याच्याच धेंपो क्लबची अजिंक्यपदं पैशाने आली. अर्थशास्त्रज्ञांनीही नव्वद टक्के खेळ पैशाचा असल्याचं सिद्ध केलंय. तेव्हा गावच्या क्लबांनी कोचचा पगार वाचवावा, त्यात बाहेरून दोन खेळाडू आणावेत आणि मुलांना मैदानावर मोकळं सोडावं, ती आपोआप शिकतात.

वाचून सोडून दिलं असतं. पण भाच्याच्या क्लबच्या ग्रुपवर खुद्द खजिनदारांनीच तो टाकला, वर 'विचार करण्यासारखं आहे' ही पुस्ती जोडून. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरं नुकसान तोच करणार आहे.

शेतात, वाड्यावर मोकळं खेळूनच गोव्यात चांगले खेळाडू तयार झाले, हे खरं. ते खेळणं बंद करा असं कुणीच म्हणत नाही. पण सोळा मुलांना एक चेंडू देऊन 'खेळा' म्हटलं की काय होतं? अंगाने मोठी चार-पाच पोरं चेंडू सोडत नाहीत, बाकीची कडेला उभी राहून हाका मारतात. कोच असला तर तो सोळा मुलांचे चार-चारचे चार गट पाडतो, साधारण 30 बाय 20 मीटरची दोन मैदानं कोनांनी आखतो आणि चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती अशा फेऱ्या लावतो. तासाभरात सगळ्यात बुजऱ्या मुलाच्या पायालाही कितीतरी वेळा चेंडू लागतो. हे आपोआप होत नाही, कुणीतरी आखावं लागतं.

दुसरी गोष्ट दुखापतीची. कापणीनंतरच्या शेतातली जमीन उन्हाने कडक होते आणि तिच्यात खड्डे असतातच. मुलगा उडी मारून उतरताना गुडघा आत वळतोय का, एका पायावर तोल राहतोय का, हे बघायला जाणता डोळा लागतो. फिफाचा '11 प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे. वीस मिनिटांचा, तीन भागांत: आठ मिनिटं हळू धावण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं. साहित्य म्हणजे फक्त चेंडू आणि कोन. नॉर्वेतल्या 125 क्लबांमधल्या 13 ते 17 वर्षांच्या 1892 मुलींवर त्याची चाचणी झाली. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला: गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. तो वॉर्म-अप तिथल्या कोचनीच करून घेतला होता. आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. नीट करून घेणारा कुणी नसेल तर पोरं दोन फेऱ्या मारतात आणि थेट गोलवर शॉट मारत सुटतात.

आणि ते बाहेरचे दोन खेळाडू? ते सामन्याच्या दिवशी येतात. सरावाला नसल्यामुळे चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्याला दाबायला पुढे एकटेच धावतात. मागची फळी जागची हलत नाही, मध्ये पंचवीस-तीस मीटरचं रान मोकळं पडतं आणि समोरच्याने एक सरळ पास दिला की आपला गोलकीपर एकटा. कॉर्नरला मागच्या खांबावर कोण उभं राहायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. स्पर्धा संपली की ते जातात. क्लबकडे उरतं काय? फोटो.

आता लोबेरा. कोरोने 2017-18 मध्ये 18 आणि पुढच्या मोसमात 16 गोल मारले, दोन्ही वेळा गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा पुरस्कार) त्याचाच. पण तो गोव्यात आला तेव्हा 34 वर्षांचा होता आणि स्पेनच्या पहिल्या श्रेणीत तो कधीच गोलांचा राजा नव्हता. इथे चेंडू गोलकीपरपासून पायापायाने वर यायचा, मधल्या फळीतला अहमद जाहू खाली उतरून तो घ्यायचा, दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर चढायचे, त्यामुळे कोरोला बॉक्समध्येच चेंडू मिळायचा. विंगवर खेळणाऱ्या मंदार राव देसाईला लेफ्ट बॅक केलं तेही लोबेरानेच. या पद्धतीची किंमतही होती. फुलबॅक वर गेले की मागे मोकळी जागा राहायची आणि प्रतिस्पर्धी तिथूनच पळायचे.

'लोबेराला काढलं तरी संघ जिंकला' हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य. 2020 मध्ये त्याला काढलं तेव्हा साखळीतले तीन सामने बाकी होते. गोव्याने हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2 आणि जमशेदपूरला 5-0 हरवून लीग शील्ड घेतली, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल. चषक त्यानंतरच्या बाद फेरीत ठरतो. पण त्या तीन सामन्यांत कोच नव्हता हे कुणी सांगितलं? क्लिफर्ड मिरांडा होता. पुढे 2023 मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून देणारा तोच. शिवाय जवळजवळ तीन मोसम घोटलेली पद्धत तीन आठवड्यांत पुसली जात नाही. आणि उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांपैकी पहिल्यात चेन्नईयनने 4-1 हरवल्यावर दुसरा घरच्या फातोर्डा स्टेडियमवर 4-2 जिंकूनही एकूण गोलांत गोवा बाहेर गेला, हे फॉरवर्डमध्ये सोयीस्करपणे गाळलंय.

लोबेरा पुढच्या मोसमात मुंबई सिटीकडे गेला. आदल्या वर्षी पाचवा आलेला हा संघ, आधी एकही चषक नाही. त्याने शील्डही घेतली आणि चषकही, अंतिम सामना आपल्याच फातोर्ड्यात. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये होते, तेव्हा घरच्या प्रेक्षकांचा फायदा हे कारणही बाद. मुंबईकडे पैसा होता, हो. जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि मंदार गोव्यातूनच गेले. पण नेमके हेच चौघे हवेत हे पैशाला कळलं, की कोचला? लोबेरा गेल्यावर मालक तेच राहिले, पैसाही होता, आणि 2021-22 मध्ये मुंबई पुन्हा पाचवी.

धेंपोचं थोडक्यात सांगतो. कोच आर्मांदो कुलासोच्या हाताखाली 2005 ते 2012 मध्ये पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं. रँटी मार्टिन्स आणि बेटो हे परदेशी खेळाडू होते, मान्य. पण धेंपोसारखाच खाणींचा पैसा साळगावकर क्लबकडेही होता. त्यांना त्या काळात एकच मिळालं, 2010-11 चं, करीम बेंचेरिफा कोच असताना. कुलासो गेल्यानंतर 2014-15 मध्ये धेंपो आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय साखळीतून, खाली घसरला.

राहिला अर्थशास्त्रज्ञांचा आकडा. तो स्टीफन शिमान्स्कीचा असणार: 1978 ते 1997 या काळात 40 इंग्लिश क्लबांच्या क्रमवारीतला 92 टक्के फरक पगारखर्चाने समजावता येतो. आकडा खरा आहे, पण तो वीस वर्षांच्या सरासरीचा आहे. इतक्या वर्षांत नशीब, दुखापती, चांगले-वाईट कोच सगळं सपाट होऊन जातं. एका मोसमाला तो तसाच लावता येत नाही. शिवाय तिथे सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात गरीब क्लबच्या पगारात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. लोबेराच्या त्या वर्षांत आयएसएलमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा होती. पैशातलं अंतर असं बांधून टाकलं, की उरलेला फरक खेळाडूंची निवड, सराव आणि डावपेच यांतूनच पडतो, आणि ती तिन्ही कामं कोचचीच.