समुद्रातला 'जळणारा बर्फ' आणि तो फिरणारा मेसेज

"समुद्राच्या तळाशी मिथेनचा बर्फ आहे, हजार वर्षं पुरेल एवढा गॅस, कंपन्या मुद्दाम काढत नाहीत, आणि नाही काढला तर एक दिवस सगळा फुटून पृथ्वी भाजून निघेल, म्हणून आत्ताच काढून जाळा." हा मेसेज सगळीकडे फिरतोय. एकात एवढं कोंबलंय की एकेक सुटं करून बघावं लागतं.

बर्फ खराय, त्यात वाद नाही. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकलेला असतो, यालाच हायड्रेट म्हणतात, एक घनमीटर हायड्रेटमधून साधारण 164 घनमीटर गॅस निघतो, काडी लावली की पेटतो.

पण "मुद्दाम काढत नाहीत"? अहो, जपानने 2013 मध्ये आपल्या किनाऱ्याजवळच्या नानकाई ट्रफ या समुद्रतळाच्या खोल खळग्यात काढून बघितला की! विहिरीतलं पाणी उपसून दाब कमी करायचा, मग बर्फ फुटून गॅस वर येतो, अशी पद्धत. सहा दिवसांत विहिरीत वाळू भरली आणि काम बंद. कारण वाळूचे कण धरून ठेवणारा तो बर्फच असतो, तो वितळला की वाळू मोकळी होऊन गॅसबरोबर आत घुसते, शिवाय फुटताना बर्फ आजूबाजूची उष्णता शोषतो त्यामुळे थर गार पडून वेग मंदावतो ते वेगळंच. 2017 ला परत प्रयत्न केला, एका विहिरीत पुन्हा वाळूच. चीनने 2020 मध्ये दक्षिण चीन समुद्रात 30 दिवसांत साडेआठ लाख घनमीटरच्या वर गॅस काढला, चांगलंय, पण ती चाचणी होती. आणि साठा अफाट असला तरी बराचसा चिखलात विरळ पसरलाय, तिथून काढणं परवडायचं कसं? हजार वर्षांचा हिशोब करणाऱ्याने तो सगळाच धरलेला दिसतोय.

आता स्फोटाची भीती. समुद्र तापतोय आणि काही हायड्रेट अस्थिर होऊ शकतं, हे खरं. पण खोल तळातून सुटलेला मिथेन बराचसा गाळातले सूक्ष्मजीव खातात, उरलेला वर येता येता पाण्यात विरघळतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या आढाव्यात हायड्रेटमधला मिथेन हवेपर्यंत पोचतोय असा ठोस पुरावा सापडला नव्हता.

सगळ्यात गंडलेला भाग म्हणजे "म्हणून जाळा". पाणी तापल्यावर आधी सुटेल तो उथळ कडेचा पातळ थर, आणि कंपन्यांना हवाय तो खोल वाळूतला दाट साठा, जो तिथे निवांत पडलाय! म्हणजे धोका एकीकडे आणि खोदकाम भलतीकडेच. वर काढताना गळती झाली तर तोच मिथेन 20 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापवतो, आणि नीट जाळला तरी कार्बन डायऑक्साइड होतोच, ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही.