तिला बेल्टबद्दल विचारा

सकाळपासून डोकं फिरलंय. घाटात बंद पडलेली स्कूटर, मागे बांधलेला तंबू आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालून बेल्ट बदलणारी हिजाबातली एक बाई. एवढाच व्हिडिओ. त्याखालचा पहिलाच प्रश्न, "घरच्यांनी परवानगी दिली का?" दुसरा इतका घाण की इथे लिहीत नाही. तिच्या हातांकडे कुणी बघितलंच नाही.

म्हणून हातांबद्दलच लिहिते. बिनगिअरच्या स्कूटरचा बेल्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवणारा रबरी पट्टा. सामान लादून सलग चढ चढला की तो तापतो, त्याला भेगा पडतात आणि तो तुटतो. तुटल्यावर त्याचे दोरे मागच्या शाफ्टला गुंडाळतात. तिने ते चिमट्याने एकेक उपसले, कारण आत राहिले तर ऑइल सील, म्हणजे तेल गळू न देणारी कडी, खराब होतं. बेल्ट ज्यांवर फिरतो त्या पुढच्या-मागच्या पुलींच्या थाळ्या पेट्रोलने पुसून कोरड्या केल्या, नव्या बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेला ठेवला. मग खरी गोम. मागची पुली हातांनी फाकवून बेल्ट तळापर्यंत दाबला, म्हणजे पुढे ढील मिळते. हे राहिलं तर पुढच्या थाळ्यांत बेल्ट चिमटतो, व्हेरिएटरचा, म्हणजे पुढच्या पुलीचा, नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि थोडं अंतर गेल्यावर सैल होऊन शाफ्टचे दाते खातो. भलेभले इथे फसतात. ती फसली नाही. आणि लोकांना परवानगी आठवते!

हिजाबावर हेल्मेट बसत नाही म्हणे. कसाही गुंडाळला तर नाहीच बसत, हे मान्य. मागे मोठी गाठ आली की हेल्मेट वर उचललं जातं आणि आपटल्यावर सरकतं. डोक्यात टाचणी असेल तर तीच रुतते. म्हणून बिनटाचणीचं पातळ, ताणलं जाणारं कापड घ्यायचं, गाठ मानेच्या खाली, टोकं जॅकेटच्या आत, आणि हेल्मेटचं माप कापड बांधूनच घ्यायचं. संपलं. धुळीसाठी कुणी तोंडाला रुमाल बांधला तर त्याला आपण धर्म विचारतो का?

"त्यांचा धर्म त्यांना बांधून ठेवतो" हे तर ऐकून कान किटले. अहो, प्रवाशासाठी त्याच धर्मात वेगळे नियम आहेत. चार रकातींची (म्हणजे चार आवर्तनांची) नमाज प्रवासात दोन रकातींची होते. पाणी नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम (नमाजाआधीची कोरडी शुद्धी) चालतो. रमजानचे रोजे प्रवासात सोडून नंतर पुरे करता येतात. घराबाहेर पडणाऱ्यांचा विचार शतकानुशतकं झालाय म्हणून हे आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३२५ साली टँजियरहून हजला निघाला तेव्हा २१ वर्षांचा होता, आणि पुढची जवळपास तीस वर्षं फिरतच राहिला.

आता जरा शांत होते. कारण स्कूटरचं एक फार आवडतं. टाकी पाच-सहा लिटरची, त्यामुळे पेट्रोलसाठी वारंवार थांबावंच लागतं. चाकं लहान, खड्डा चुकवायला वेग कमी ठेवावा लागतो. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावर अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण जास्त होतं, प्लग काळा पडतो, दम जातो. लहान मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) घालेपर्यंत ती चढत नाही. म्हणजे थांबणं आलं, आणि थांबलं की माणसं जमतात. कुणी पाना धरतं, कुणी चहा आणतं. स्कूटरवाला हिंदू असो की ख्रिश्चन, पाना धरणारा हात तिथे बहुतेक मुसलमानाचाच असतो. भीती लांबून वाटते. खोललेल्या इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाची कशी वाटणार?

एका बाईने घाट चढल्याने जगभरचे पूर्वग्रह संपत नाहीत, ठीक आहे. आणि तिने कुणाला काही सिद्ध करायलाच निघावं, हेही मला पटत नाही. ती फिरायला निघालीय. पण मग निदान तिला फिरणाऱ्या माणसासारखं तरी वागवा ना!

त्या व्हिडिओखाली आज लिहायचंच असेल तर एवढं विचारा, जुना बेल्ट किती किलोमीटर टिकला, आणि व्हेरिएटरमधले रोलर झिजून चपटे झाले होते का. ती सांगेल. तिला माहीत आहे.