मेंढरं हटवली की माळ हिरवा होतो?

पावसाळा तोंडावर आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. शेळ्या-मेंढ्यांनी महाराष्ट्रातली जंगलं खाऊन माळ केले, ही जनावरं गवत मुळासकट उपटतात, म्हणून चराई कायमची बंद करा आणि झाडं लावा. पुरावा म्हणून शेवटी हिवरे बाजार, चराईबंदी आणि पाणलोटाच्या कामांमुळे गाजलेलं अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातलं गाव.

माळ म्हणजे खाल्लेलं जंगल, हे आधी डोक्यातून काढू. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, माण-फलटणपासून सोलापूरपर्यंत, पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, वीतभर माती आणि खाली मुरूम. विरळ हिवर-बाभळी आणि मधे गवत हीच तिथली मूळची घडण. माळढोक, लांडगा, चिंकारा याच मोकळ्या रानाचे. तिथे खड्डे खणून गिरिपुष्पाची झाडं लावली तर उलट गवताच्या मुळांचं जाळं तुटतं.

आता ‘मुळासकट उपटतात’. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून पान खाल्लं तरी ते पुन्हा फुटतं. मेंढी अगदी खालून कुरतडते, हे खरं. शेळीची ओढ मात्र झुडपांच्या पाल्याकडे. दोघींना एकाच मापाने मोजणारा हा मजकूर कुठल्या मेंढपाळाने लिहिलेला नाही, एवढं नक्की. नुकसान होतं ते दुसऱ्या घासाने. खाल्लेलं गवत मुळांतली शिदोरी मोडून नवं पान काढतं. ते वाढायच्या आत पुन्हा पुन्हा तोंड लागलं की मूळ आखडतं. जनावरांच्या आवडीची पवना आणि मारवेल ही गवतं आधी संपतात, टोचरी कुसळी मागे उरते. म्हणजे जनावरं किती, याइतकंच ती केव्हा आणि किती दिवस चरली, हेही महत्त्वाचं.

कायमच्या बंदीचा प्रयोग देशात होऊन गेलाय. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव या पाणथळ राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई थांबवली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे म्हशी खात होत्या ते पाणगवत माजलं, उथळ पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांचीच पंचाईत झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातूनही बंदी अंगाशी आल्याचंच दिसलं. पाणथळ आणि माळ एक नव्हे, मान्य. पण माळावरही न चरलेलं, न कापलेलं गवत वाळून उभं राहतं, खालच्या फुटव्याचं ऊन अडवतं आणि उन्हाळ्यात वणव्याच्या कामी येतं.

हिवरे बाजारात मोकाट चराई थांबवली, पण गवत नुसतं राखून ठेवलं नाही, कापून गोठ्यात नेलं. ज्याच्याकडे गोठा आहे त्याला हे जमतं. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगराला कापलेलं गवत कोण देणार?

खरी अडचण मजकुरात आलेलीच नाही. हे कळप पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परततात, नेमके गवत वाढायच्या दिवसांत. त्यासाठी गायरानाचे चार तुकडे पाडावेत. पहिल्या पावसानंतर गवत वीतभर होईपर्यंत कळप पडीक रानात, बांधांवर फिरवावेत. मग एकेक तुकडा चारायचा, निम्मं गवत संपलं की पुढे सरकायचं. एक तुकडा बी पडेपर्यंत राखायचा, पुढच्या वर्षी दुसरा. कुंपण लागत नाही, कळपामागे माणूस असतोच. गावाचा ठराव मात्र लागतो, आणि त्याची बैठक दिवाळीआधी घ्यावी, कारण नंतर मेंढपाळ गावात नसतात.