३४ निळ्या टोप्या

पालकांना दिलेल्या पत्रकावर छापलं होतं, 'जपान अभ्यास सहल: सांस्कृतिक देवाणघेवाण व प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण'. कृती मुलांनी करायची, असा माझा भाबडा समज होता. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला एक कृती आली: मोजणं. मुलं ३४, प्रत्येकाच्या डोक्यावर निळी टोपी. विमानतळावर ३४, बसमध्ये ३४, क्योतो स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर ३३. चौतिसावा उलट्या जिन्यानं वर यायचा 'प्रयोग' करत होता. प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण, दुसरं काय!

क्योतोत पहिला धडा चहाचा. गुडघे मुडपून टाचांवर बसायचं आणि यजमान बाई बांबूच्या घुसळणीनं हिरवी पूड फेटत असताना हलायचं नाही. वाडगा हातात आला की दोनदा फिरवायचा, म्हणजे त्याच्या दर्शनी बाजूला आपले ओठ लागत नाहीत. हे सगळं मी नीट केलं. फक्त उठायची वेळ आली तेव्हा माझे पाय माझ्याबरोबर उठले नाहीत. मी अलगद शेजारच्या कागदी दाराकडे कलंडलो. दार वाचलं, कारण चार मुलांनी मला वरच्या वर झेललं. "सर, तुम्ही अकराव्या मिनिटाला हललात," एकानं सांगितलं. त्यानं घड्याळ लावलं होतं.

रस्त्यावर कचराकुंडी सहसा सापडत नाही. आपला कचरा आपण परत न्यायचा, हा तिथला शिरस्ता. मुलांनी तो लगेच आत्मसात केला. "सर, हे जरा धरा ना." दुपारपर्यंत माझे दोन्ही खिसे वेष्टनांनी टम्म फुगले.

मग नारा. इथली हरणं कासुगा देवस्थानच्या देवाची दूत मानली जातात आणि १९५७ पासून त्यांना नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षणही आहे. बिस्किटासाठी ती मान लववतात. मुलंही लववतात. या शिष्टाचारात एका मुलीच्या हातातली नोंदवही बिस्किटाबरोबर गेली. "सर, माझा गृहपाठ हरणानं खाल्ला." इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकलेली ही पहिली खरी सबब. गुन्हेगार समोर उभा राहून चहापानाच्या नोंदी चघळत होता. देवाच्या दूताला रागावणार कोण?

तोदाइजी मंदिरात सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. तिची प्रतिष्ठापना ७५२ सालची. मुलांनी मूर्तीकडे अर्धा मिनिट पाहिलं आणि मोर्चा वळवला तो मागच्या खांबाकडे. खांबाच्या बुडाशी एक भोक आहे, म्हणे बुद्धाच्या नाकपुडीएवढं. त्यातून सरपटत पार गेलं की ज्ञानप्राप्ती! माझा देह पाहून मी ज्ञानावर पाणी सोडलं आणि पलीकडच्या तोंडाशी मोजायला बसलो. ३२, ३३, ३४. संपूर्ण सहलीत पहिल्या फटक्यात बरोबर आलेला हा पहिला आकडा.

त्या आनंदात शेवटच्या निळ्या टोपीला विचारलं, "नोंदवही कुठाय रे?" टोपी कमरेत वाकली. आमच्यातलं कुणी मला कधी असं वाकत नाही, तिथंच माझ्या पोटात गोळा आला. वर आलेला चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता.

पलीकडे एका जपानी शाळेची पिवळ्या टोप्यांची रांग उभी होती, आणि त्यातली एक पिवळी टोपी आमच्याच भाषेत शेजाऱ्याला उलट्या जिन्याची गोष्ट हातवाऱ्यांनी सांगत होती. त्या रांगेपुढे एक मास्तर बोट नाचवत समाधानानं मोजत होते. त्यांचाही आकडा बरोबरच आला असणार.

मी खूण केली. त्यांनी माझ्या हाताला धरलेल्या मुलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या रांगेकडे, मग माझ्या फुगलेल्या खिशांकडे. त्यांचेही खिसे फुगलेलेच होते. टोप्या आणि मुलं जागच्या जागी गेली. ते वाकले, मी वाकलो. मग दोघांनीही आपापल्या रांगेकडे तोंड करून बोट वर केलं. एक, दोन, तीन. इची, नी, सान.