‘सेट’चे 430 अर्थ आणि आपलं ‘लागणं’

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. इंग्रजी दरिद्री भाषा आहे, ‘सेट’ या एकाच शब्दाला 430 अर्थ. आपल्या मायबोलीत प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द. म्हणूनच खेड्यातली पोरं इंग्रजीत मागं पडतात. खाली कपबशांच्या सेटचं उदाहरण, आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे 430 हून जास्त अर्थ आहेत. नोंद सुमारे 60,000 शब्दांची. पण त्यात आज कोणी बोलत नाही असे जुनाट अर्थही आहेत. कपबशांचा सेट तर या हिशोबात येतच नाही. ते नाम, जुन्या फ्रेंचमधून आलेलं, मूळ लॅटिन. क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतलंच. शिवाय पहिला नंबर आता ‘सेट’कडे राहिलेला नाही. कोशाच्या नव्या सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ निघाल्याचं 2011 मध्येच जाहीर झालं होतं.

आता आपल्या ‘वेगळ्या शब्दां’कडे या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, लग्न लागतं, नोकरी लागते, डोळा लागतो. आमच्या वऱ्हाडात पऱ्हाटीले, म्हणजे कापसाच्या झाडाला, बोंडं लागतात. हा तुमचा कोण लागतो? वावरात जा लागते, म्हणजे शेतात जावं लागतं. अकोटची गाडी फलाटाले लागली म्हणून सगळे धावतात, अन् त्याच गाडीत एखादीले गाडी लागते म्हणून ती खिडकीची जागा मागते. यातलं एकही वाक्य ऐकून वऱ्हाडातला माणूस अडखळत नाही. मजकूर लिहिणाऱ्यानं ‘मागं पडतात’ लिहिलं, तेव्हा त्यालाही कळलं नसावं की पाऊस पडतो, कापसाचा भाव पडतो, प्रश्न पडतो आणि निवडणुकीत उमेदवारही पडतो.

मग मराठीही दरिद्री म्हणायची काय? जो शब्द रोज तोंडात, त्याला अर्थ जास्त फुटतात. अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी 1945 मध्ये वापर आणि अर्थसंख्या यांचं हे नातं आकडेमोडीनं मांडलं. ‘युरिया’ला अर्थ एकच, तो शब्द फक्त पोत्यापुरता.

पोरांच्या नापाशीचं खापर ‘सेट’वर फोडणं मात्र मला सगळ्यात खटकतं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आली. तरी अजून कितीतरी ठिकाणी गाईडातली ‘सेट म्हणजे संच’ अशी यादी पाठ करवून घेतात. मग उताऱ्यात सूर्य ‘सेट’ झाला की पोरगं गोंधळणारच. तेच पोरगं घरी काय बोलतं, ऐका: सिमेंट सेट झालं, मोबाइलची सेटिंग बिघडली, दादा पुण्यात सेट झाला, अन् कोणाची तरी वरपर्यंत सेटिंग आहे. चार वाक्यं, चार अर्थ, एकाचीही यादी त्याला कोणी पाठ करायला दिलेली नव्हती.