चालत पाच मिनिटांवर

पार्ल्याच्या माणसाला घर कुठे विचारलंत की तो पत्ता सांगत नाही, अंतरं सांगतो. स्टेशन चालत पाच मिनिटं, भाजीबाजार पाच मिनिटं, दीनानाथ नाट्यगृह पाच मिनिटं, टिळक मंदिर पाच मिनिटं, दाताचा डॉक्टर तर खालीच. (हे पूर्वेचं. पश्चिमेलाही पार्लं आहे असं ऐकून आहे.) आता प्रत्येकाच्या घरापासून प्रत्येक गोष्ट पाच मिनिटांवर कशी असेल, हे भूमितीत बसत नाही, पण आमच्यातले निम्मे लोक पार्ले टिळकमध्ये भूमितीत पैकीच्या पैकी मिळवून बसलेत, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.

माझं दुःख वेगळंच आहे. सगळं जवळ असल्यामुळे आमच्या घरात यादी करत नाहीत. माझा साडू घोडबंदर रोडला राहतो, तो रविवारी गाडी काढतो, ट्रॉली भरतो आणि मग आठवडाभर पाय पसरून बसतो. आमच्याकडे कोथिंबीर लागली की कोथिंबीर. ती आणून चप्पल काढतोय तोवर आलं. आलं आणलं की आईला आठवतं तिची बीपीची गोळी संपलीये. "एकदम सांगा ना," म्हटलं तर बायको म्हणते, "अरे एकदम कशाला वजन उचलतोस, पाच मिनिटांवर तर आहे." बरं, फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप मुलानेच टाकून दिलंय. त्यामुळे मी दमलोय हे मी सांगून कुणाला पटत नाही, आणि आकडा दाखवला तर घरात टाळ्या वाजतात.

आणि ती पाच मिनिटं ओळखीचं कुणी भेटलं नाही तरची आहेत. पार्ल्यात ओळखीचं कुणी भेटलं नाही असा दिवस मी लॉकडाऊनमध्येसुद्धा बघितला नाही, तेव्हा लोक मास्कमधूनही चालीवरून ओळखायचे.

परवाच्या रविवारी कोथिंबिरीलाच निघालो होतो. फुटपाथ आमच्याकडे आहे, पण त्यावर पेव्हर ब्लॉक आहेत आणि पावसाळ्यात त्यातला नेमका कुठला ब्लॉक पिचकारी मारणार हे कळायला त्या रस्त्यावर तीन पिढ्या काढाव्या लागतात. मी दोनच काढल्यात. उजवी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. पुढे फुटपाथच संपला, कारण जुनी दोन मजली बिल्डिंग पाडून नवीन काम चालू आहे, पत्रे रस्त्यापर्यंत आलेत, आणि काँक्रीटचा मिक्सर रिव्हर्स घेत होता तो पूर्ण होईपर्यंत आम्ही सात-आठ जण पिशव्या सांभाळत उभे. तिथेच शेजारच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या काकांनी मला गाठलं.

"काय रे, तुमच्याकडे किती टक्के देतायत?"

हल्ली पार्ल्यात तब्येतीची चौकशी अशीच करतात. टक्के म्हणजे रीडेव्हलपमेंटमध्ये जादा मिळणारी जागा. मी आकडा सांगितला, काकांनी "फसलात" म्हटलं, आणि मग एअरपोर्ट शेजारी असल्यामुळे आपल्याकडे उंचीवर कशी मर्यादा येते, म्हणून बिल्डर कसा हात आखडता घेतो, हे पहिल्यापासून सुरू केलं. मधेच डोक्यावरून विमान गेलं. बाहेरगावचा माणूस अशा वेळी ओरडून बोलतो. काका बोट वर करून थांबले, विमान गेलं, आणि अर्धवट राहिलेल्या शब्दापासून पुढे चालू झाले. मिक्सर केव्हाच निघून गेला होता.

रीडेव्हलपमेंटवरून गाडी बिस्किटांच्या कारखान्यावर गेली. पार्ल्यात ती जातेच. तो 2016 साली बंद पडला, पण वास यायचा बंद झाला हे काकांना अजून मान्य नाही. वारा बरोबर असला की येतो म्हणतात. मलाही मग उगाच आल्यासारखा वाटला. लहानपणी दुपारी शाळेतून येताना तो वास आला की पाय आपोआप भरभर उचलायचे, हे मात्र खरं. काकांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. ही संधी साधून मी खिशातून फोन काढला.

हो, मी ते पाप केलं. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या ॲपवरून कोथिंबीर मागवली. आमच्याकडे ह्याला सक्त मनाई आहे, जे पाच मिनिटांवर आहे त्याला दहा मिनिटं का लावायची असा बायकोचा बिनतोड हिशोब आहे. पण बाजार दोनशे पावलांवर, काका मधे, आणि घरी पोहे फोडणीला पडलेले, मग करणार काय?

थोड्या वेळाने फोन वाजला. पोरगा दारात पोचला असणार. म्हटलं आता बोलणी खावी लागणार.

"कोथिंबीर आली," बायको म्हणाली. आवाज चक्क गोड. "पोरगा बिचारा भिजला होता रे, त्याला चहा केला, त्यात दूध संपलं. तू बाहेर आहेसच तर एक पिशवी घेऊन ये ना."

काकांनी ते ऐकलं.

"दूध ना? चल, मीही येतो," म्हणाले, "पाच मिनिटांवर तर आहे."