पोराला वर्गात भारी करायचंय? मग एवढं कराच

गेल्या सोमवारी इथं कोल्हापुरातल्या एका इंग्रजी शाळेत, तिसरीच्या वर्गात, चौदा निळ्या बाटल्या दिसल्या. सगळ्या सारख्या, सगळ्यांवर बर्थडे बॉयचा फोटो. बर्थडे बॉय सोडून पट चाळीसचा. बाकीच्यांना रविवारी काय झालं ते कुणी सांगायची गरज उरली नाही. हा थोर आदर्श समोर ठेवून चार सूचना देतो, पालकांनी वहीत उतरवून घ्याव्यात.

शाळा बघायला जाल तेव्हा फळा बघू नका, गेट बघा. पोराला चारचाकीनं अगदी गेटाच्या तोंडाशी सोडा, मागं रस्ता तुंबला तर तुंबू दे. रिक्षातनं येणारी पोरं निराळी, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे. (रिक्षातही उतरंड असतेच. मोठी पोरं गादीवर, बारकी समोरच्या फळीवर, आणि मामांच्या शेजारची जागा म्हणजे सिंहासन.)

पेठेतल्या मराठी शाळेत गाडीला कोण विचारत नाही. तिथं पायात फुटबॉल लागतो आणि ‘तालीम कुठली?’ (म्हणजे पेठेतलं मंडळ कुठलं) या प्रश्नाला छाती काढून उत्तर द्यावं लागतं.

झेडपीच्या शाळेचा तर विचारच सोडा. तिथं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला 300 पैकी किती, एवढ्यावर मान ठरतो. यादीत नाव आलं की चौकात डिजिटल फलक लागतो. मार्क विकत मिळत नाहीत, म्हणजे ही शाळा आपल्या कामाची नाही.

गॅदरिंगला पहिली ओळ हवी असेल तर ड्रेसचे पैसे पहिल्याच दिवशी भरा आणि बाईंना हळूच म्हणा, “काय लागलं तर सांगा हं.”

आता मुख्य विषय, वाढदिवस. कार्डं चौदाच छापा. ती घरी पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. मधल्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, पोरानं स्वतः बाकाबाकावर जाऊन वाटायची. सव्वीस जणांनी हात पुढं करून मागं घेतला पाहिजे, त्याशिवाय कार्डाचा खर्च वसूल होत नाही. शाळेत वाटायची चॉकलेटं दोन प्रतीची आणा. मोठी जवळच्यांना, साधी गोळी इतरांना. दुसऱ्या वर्गांत डबा फिरवायला बरोबर एकच मित्र न्यायचा असतो, तो कोण हे आठवडाभर गुपित ठेवा. त्या आठवड्यात तुमच्या पोराची बॅगसुद्धा दुसरी पोरं उचलतात. रिटर्न गिफ्ट शाळेत दिसेल असंच निवडा. पेन्सिल कंपासमध्ये लपते, बाटली बाकावर उभी राहते. आयांचा दुसरा ग्रुप काढा, नाव ठेवा ‘क्लोज फ्रेंड्स’. पार्टीचे फोटो मात्र ‘चुकून’ मोठ्या ग्रुपवर पडू देत.

आणि त्या सव्वीसांत कोण असतं हे काय इस्कटून सांगायला पाहिजे? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून आलेली गरिबाघरची पोरं असतातच असतात. वर्गात त्यांना वेगळं बसवायचं नाही असं त्याच कायद्याचा नियम सांगतो, म्हणून बाई बसवत नाहीत. ते काम तुम्ही रविवारी हॉलवर उरकता. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एका शाळेत बसवायचा हुकूम याच गावातनं 1919 साली निघाला. जयंतीला त्या शाहू राजाचा फोटो स्टेटसला ठेवणारे तुम्हीच की! पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महाराजांनी महिन्याला एक रुपया दंड लावला होता. तुम्हाला किती लावायचा?

‘पोरंच ठरवतात हो, आम्ही काय करणार’ हे बोलू नका. आठ वर्षाच्या पोराला हॉल बुक करता येतो? कार्डं त्यानं मोजली? यादी तुम्ही केली. जेवणाच्या टेबलावर बसून, कुणाचा बाप काय करतो ते बघून तुम्ही नावं खोडली, आणि पोरगं शेजारी बसून बघत होतं. तेच आता डब्यातली पोळी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही ते ठरवतंय. आणि बाई, ज्या कार्डं वाटताना टेबलाशी वह्या तपासत होत्या, त्यांना “वर्गात नको, घरी पाठवा” एवढं म्हणायला काय झालं होतं?

पुढच्या खेपेला चाळीस जणांना एकेक पेढा द्या, नाहीतर काहीच देऊ नका. आणि ती निळी बाटली उद्यापासून घरी ठेवा.